कसब्यातला जुना वाडा कुणाचा होता हे कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कसबा पेठेत आजोबांच्या नावावर वाडा आहे, तो आता रिडेव्हलपमेंटला चाललाय. काका म्हणतात पणजोबांनी बांधला, आत्या म्हणते पेशवाईतल्या कुणा कारकुनाचा होता आणि आपल्याकडे सावकारीत आला. हातात कागद म्हणाल तर एक प्रॉपर्टी कार्ड. वाडा पडायच्या आत तो कुणी बांधला आणि मधे कोण कोण मालक झाले हे कळू शकतं का?

बऱ्यापैकी कळू शकतं. मी बरीच वर्षं पुणे, वाई, सातारा ह्या पट्ट्यात जुन्या वाड्यांचे टायटल सर्च, म्हणजे मालकीचा शोध, करतोय, त्यात जे हाताला लागलं ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे पेशवाईपासून सुरुवात करू नका. सगळे तिथेच जातात, मोडी कागद, सरदार, इनाम वगैरे, आणि महिनाभराने कंटाळून सोडून देतात, कारण त्या काळच्या कागदात तुमचा सिटी सर्व्हे नंबर नसतो, तुमचं आडनावही बहुतेक नसतंच. आजच्या कागदापासून मागे मागे जायचं, एकेक माणूस पकडून, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा की ह्या माणसाच्या हातात वाडा आला कशामुळे. मृत्यू, वाटणी, कर्ज, दत्तक, लिलाव, काहीतरी एक कारण असतंच. नुसती नावांची यादी मिळाली आणि कारणं नाही मिळाली तर वाड्याचा इतिहास मिळाला असं मी तरी म्हणत नाही.

तर हातातलं प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मिळकत पत्रिका, नीट वाचा. वर "हक्काचा मूळ धारक" असं असतं. लोक हे नाव वाचतात आणि समजतात की हाच वाडा बांधणारा. तसं नसतं. सिटी सर्व्हे झाला तेव्हा चौकशीत जो मालक म्हणून उभा राहिला, ज्याने कागद किंवा वहिवाट दाखवली, त्याचं ते नाव. वाडा त्याच्या आधी शंभर वर्षं उभा असू शकतो. खाली तक्ता असतो, दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, मग नवीन धारक, पट्टेदार किंवा भार, शेवटी साक्षांकन. नावापुढे कंसात धा, प किंवा भा असं असतं, ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण भा म्हणजे भार, तो मालक नव्हे, ज्याचं कर्ज आहे तो. कर्ज देणाऱ्या पतपेढीला मधला मालक धरून लावलेल्या वंशावळ्या मी पाहिल्यात. आणि कॉम्प्युटरवरचं कार्ड घेऊन थांबू नका, नगर भूमापन, म्हणजे सिटी सर्व्हेच्या, ऑफिसमधून जुन्या हस्तलिखित कार्डाची नक्कल मागा, जमलं तर चौकशी नोंदवहीचा उतारा पण. नवीन कार्डावर कधी कधी जुन्या कमी केलेल्या नोंदी येतच नाहीत, आणि तुम्हाला हव्या असतात नेमक्या त्याच, कंस केलेल्या, रेघ मारलेल्या.

नावाच्या आजूबाजूची छोटी अक्षरं फार बोलतात. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे नाव एका भावाचं असलं तरी मालकी सगळ्या भावांची. काका जे "पणजोबांचा वाडा" म्हणतात ते बऱ्याचदा इथून आलेलं असतं, थोरल्याचं नाव लागलं म्हणून वाडा थोरल्याचा झाला असं घरात रूढ होतं. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान मुलाचं पालन करणारा किंवा करणारी, तिथे बाप गेलाय आणि मुलं लहान आहेत हे कळतं. चार-पाच वर्षांत एकामागून एक वारस नोंदी दिसल्या तर साल बघा. पुण्यात १८९७ च्या सुमारास आणि नंतर काही वर्षं प्लेग परत परत येत होता, घरंच्या घरं रिकामी झाली, शहराबाहेर झोपड्या टाकून लोक राहिले. त्या काळातल्या दस्तात विधवा, अज्ञान, दत्तक हे शब्द किती वेळा येतात ते वाचताना जीव दडपतो. १९३७ च्या कायद्याआधी विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यावर तसा हक्क फारच थोडा, एकत्र कुटुंब असेल तर पोटगी आणि राहायला खोली एवढंच, म्हणून नवरा गेल्यावर मुलगा दत्तक घेण्याची घाई दिसते. मधेच आडनाव तेच पण बापाचं नाव भलतंच आलं की बहुतेक वेळा दत्तक असतो. तिथे साखळी तुटलीय असं समजू नका, दत्तकपत्र शोधा.

आता रजिस्टर दस्त. आपल्याकडे १८६० च्या दशकात रजिस्ट्रेशनचा कायदा आला आणि शंभर रुपयांच्या वरच्या स्थावराची खरेदी रजिस्टर करावी लागायला लागली, सध्याचा कायदा १९०८ चा. दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे पुण्याला हवेलीच्या ऑफिसात, सूची क्रमांक १ ही माणसांच्या नावावरून आणि सूची क्रमांक २ ही मिळकतीवरून. अलीकडचं ऑनलाइन मिळतं, जुन्यासाठी सर्चची फी भरून प्रत्यक्ष पुस्तकं उलटावी लागतात, काही पानं गेलेली असतात, काही ओली होऊन चिकटलेली. पण तिथेच खरा माल आहे आणि त्यातही खरेदीखतापेक्षा गहाणखत जास्त वाचा, हे मी सगळ्यांना सांगतो. खरेदीखत आयुष्यात एकदा होतं. गहाण दर लग्नाला, दर आजारपणाला, दर कोर्टाच्या दाव्याला होतं, आणि दर वेळी वाड्याचं वर्णन नव्याने लिहिलं जातं, घरात कोण कोण सही करायला हजर होतं ते येतं, पैसे कशासाठी घेतले ते येतं. "मुलीचे लग्नाचे खर्चाकरिता" एवढ्या एका ओळीवरून घराण्याची पिढी नक्की करता येते.

गहाणातला सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे मुदत खरेदी. दिसायला खरेदी, आत कर्ज. शनिवार पेठेतल्या एका वाड्याचं सांगतो, घराणं ओळखू येईल असं काही सांगत नाही. जुन्या कार्डावर मूळ धारक एक ब्राह्मण घराणं, मग एका व्यापाऱ्याचं नाव धारक म्हणून लागलेलं, आणि त्यानंतर परत पहिल्याच घराण्यातल्या अज्ञान मुलाचं नाव, अ.पा.क. आई. घरातले म्हणत होते आमचा वाडा कधी कुणाकडे गेलाच नाही, पिढ्यान्पिढ्या आम्ही इथेच. व्यापाऱ्याच्या घरात मात्र सांगतात की वाडा आमचा होता, आजोबांनी परत दिला. दोघांकडे आवाज चढलेले. व्यवहार १९२९ च्या आधीचा होता आणि ती तारीख इथे महत्त्वाची आहे, कारण १९२९ मध्ये ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली की परत करून देण्याची अट त्याच दस्तात असेल तरच ते गहाण धरायचं. त्याआधी ती अट वेगळ्या कागदावर असायची. खरेदीखतात तर काहीच नव्हतं, साधी कायम खरेदी वाटत होती. मग त्याच पार्टींच्या नावावर त्याच दिवसाच्या आसपासचे सगळे दस्त काढले, तर लगेच पुढच्या नंबरला करार निघाला, ठरल्या मुदतीत रक्कम फेडली तर वाडा फिरून करून द्यावा, आणि त्याच्यापुढे भाडेचिठ्ठी, विकणाराच आपल्या वाड्यात दरमहा भाड्याने राहिला. ते भाडं म्हणजे व्याज. म्हणजे घराणं खरंच वाड्यातून हललं नव्हतं आणि व्यापारी खरंच मालक झाला होता. वाडा विकणारा मधेच गेला आणि त्याच्या बायकोने, त्या अज्ञान मुलाच्या आईंनी, मुदत संपायच्या आत पैसे उभे करून मुलाच्या नावावर वाडा सोडवला. तीनही दस्तांत त्यांची सही नाही, अंगठा आहे, बाजूला लिहिणाऱ्याने "निशाणी डावे हाताचे आंगठ्याची" म्हणून नाव घातलंय. घरात त्यांचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. आता आहे. तुमच्या आत्या जे "सावकारीत आला" म्हणतात ना, ते मी म्हणूनच सहज उडवून लावणार नाही. मुदत खरेदीची मुदत टळली की वाडा सावकाराचाच व्हायचा, आणि असे वाडे पुण्यात भरपूर आहेत.

तुमच्या वाड्याचा स्वतःचा दस्तच नाही सापडला तर? तर शेजाऱ्यांचे शोधा. प्रत्येक दस्तात चतुःसीमा असते, पूर्वेस अमक्याचा वाडा, दक्षिणेस बोळ व बोळापलीकडे तमक्याचे घर, पश्चिमेस सरकारी रस्ता. शेजारच्या चार घरांच्या वेगवेगळ्या वर्षांच्या चतुःसीमा गोळा केल्या की मधे तुमच्या वाड्याच्या मालकांची नावं वर्षवार आपोआप लागत जातात. माझ्या मते ह्या सगळ्या कामातली ही सगळ्यात भरवशाची युक्ती आहे, कारण मालक स्वतःबद्दल काहीही दावा करेल पण शेजारी चतुःसीमेत जे लिहितो ते सहसा गल्लीला माहीत असलेलं असतं. फक्त एक लक्षात ठेवा, चतुःसीमा कधी कधी जुन्या दस्तावरून तशीच उतरवतात, शेजारी मरून वीस वर्षं झाली तरी तो "उत्तरेस" उभाच. म्हणून एका दस्तावर विसंबू नका, निदान दोन बाजूंनी जुळवा.

नंबरांचा घोळ पण आत्ताच समजून घ्या. म्युनिसिपालटीचा घर नंबर वेगळा, सिटी सर्व्हे नंबर वेगळा, म्युनिसिपालटीचे नंबर मधे बदललेही आहेत. पुण्याची नगरपालिका १८५७ ची आणि महापालिका १९५० ची, घरपट्टीच्या आकारणीच्या वह्या जेवढ्या मिळतील तेवढ्या बघा, त्यात मालक आणि भोगवटादार असे वेगळे रकाने असतात. खोल्या कोणाकोणाकडे होत्या ते तिथे दिसतं.

आणि ते बघायलाच हवं, कारण वाड्यात जे घडलं ते मालकानेच केलं असं नसतं. भिडे वाड्याचं बघा ना, बुधवार पेठेतला. १८४८ मध्ये ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा तिथे काढली, वाडा तात्यासाहेब भिड्यांचा. फुले तिथले मालक कधीच नव्हते, म्हणजे नुसती मालकांची यादी लावून कोणी थांबला असता तर त्या जागेतली सगळ्यात मोठी गोष्टच सुटली असती. पुढे तीच जागा स्मारकासाठी घेताना मालक-भाडेकरूंचे दावे वर्षानुवर्षं कोर्टात चालले, २०२३ च्या शेवटी सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन मिटले आणि डिसेंबरमध्ये ती मोडकळीला आलेली वास्तू पाडली. टिळकांचं पण तसंच. आधी ते सदाशिव पेठेत विंचूरकरांच्या वाड्यात राहायचे, त्यांचा गणपती १८९४ ला तिथेच बसला, आणि नंतर नारायण पेठेतला गायकवाड वाडा त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडून घेतला तो आजचा केसरीवाडा. अजून जुनी माणसं त्याला गायकवाड वाडाच म्हणतात. वाड्याला लोक ज्या नावाने हाक मारतात ते बऱ्याचदा आधीच्या मालकाचं असतं, तेव्हा तुमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की तुमच्या वाड्याला पूर्वी काय म्हणायचे. तुमचं आडनाव सोडून दुसरं काही निघालं तर ते वहीत लिहून ठेवा आणि सूची एकमध्ये ते आडनाव शोधा.

भाडेकरूंचं अजून एक. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला, भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली, आणि मालकाला दुरुस्ती परवडेना झाली. दहा-पंधरा रुपये भाड्यात कौलं कोण शाकारणार? बाहेर गेलेले वारस, आत भाडेकरू, पडत चाललेली भिंत, आणि मग बिल्डर, पेठांमधल्या बहुतेक वाड्यांचा शेवटचा मालकबदल ह्या वाटेने झालाय. १९६१ चा १२ जुलैचा पानशेतचा पूर ही दुसरी मोठी रेघ. नदीकडेचे वाडे विरघळले, पांढऱ्या मातीच्या भिंतींना तेवढं पाणी सोसत नाही, आणि ट्रंकांमधले कागद गेले. कसब्याचा नदीकडचा भाग असेल तर घरात जुने कागद का नाहीत ह्याचं उत्तर कदाचित तेवढंच आहे. घरात गेले म्हणून सरकारात गेले असं नाही, म्हणून नकला काढायच्या.

आता पेशवाई. १८६० च्या मागे गेलात की रजिस्टर नाही, मग पुणे पुरालेखागार, जुने लोक ज्याला पेशवे दप्तर म्हणतात ते, आणि सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० ला काढलेलं. दप्तरात पुण्याच्या पेठांच्या घरझडत्या आहेत, त्यात घराचा मालक, कधी धंदा, घर केवढं हे मिळतं. इनाम कमिशनच्या, म्हणजे इंग्रजांनी केलेल्या इनामांच्या चौकशीच्या, वेळी लोकांनी सादर केलेल्या कैफियती आणि सनदांच्या नकला पण आहेत, वाड्याच्या जागेचं इनाम असेल तर तिथे नशीब काढता येतं. मोडी येत नसेल तर मोडी वाचक गाठा, पण तारीख तुमची तुम्हाला काढता आली पाहिजे. "इहिदे तिसैन मया व अलफ" असं असेल तर इहिदे एक, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार, झाले ११९१. हा सुहूर सन, त्यात ५९९ मिळवा, १७९०. हा सन मृगाला बदलतो, म्हणून १७९० च्या जूनपासून १७९१ च्या जूनपर्यंत कुठलाही दिवस असू शकतो. शके असेल तर ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०. सुहूर आणि फसलीत गल्लत झाली की वाडा नऊ वर्षं मागे किंवा पुढे जातो.

पेठेचं वय पण डोक्यात ठेवा. कसबा सगळ्यात जुना, तिथे वाडा कितीही जुना निघू शकतो. पण सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाने आणि नारायण पेठ नारायणरावांच्या नावाने, दोन्ही थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत वसलेल्या. तिथला वाडा कोणी शिवकालीन सांगितला तर पुरावा मागायचा. जुन्या कागदात पेठेचं नावही वेगळं येतं, बुधवारला मुहियाबाद, रविवारला मलकापूर, नाना पेठेला हनुमान पेठ.

कागद एक सांगतो आणि इमारत एक सांगते असं झालं तर इमारतीचं ऐका, निदान ऐकून घ्या. जुन्या दस्तात घर चौरस फुटात नसतं, खणात असतं, खण म्हणजे दोन खांबांमधली किंवा तुळयांमधली जागा, "पाच खणी दुमजली, पुढे ओसरी, मागे परसात विहीर व शौचकूप". वाड्यात जाऊन खण मोजा. दस्तात पाच आणि आज आठ असतील तर तीन कुणीतरी नंतर वाढवलेत, तुळयांची जाडी आणि विटांचा आकार तिथे बदललेला दिसेल, जुन्या विटा पातळ आणि चपट्या, नंतरच्या जाड. मंगलोरी कौलं असतील तर ती १८६५ च्या आधीची असू शकत नाहीत कारण मंगळूरला बासेल मिशनचा पहिला कारखानाच त्या साली निघाला. कौल उलटं करून बघा, शिक्का असतो. पण कौलं बदलतात, जोतं, म्हणजे घराचा चौथरा, सहसा बदलत नाही, म्हणून वय ठरवताना जोत्याचा घडीव दगड, चौकातला हौद आणि तळघर ह्यांना मी जास्त वजन देतो. हौदाला कात्रजच्या नळाचं पाणी येत होतं का तेही विचारा, तो नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळचा, आणि वाड्याला खासगी तोटी मिळालेली असेल तर मालक दरबारात वजन असलेला माणूस होता असं धरायला हरकत नाही.

विश्रामबाग वाडा ह्या बाबतीत बघण्यासारखा आहे. जागा हरिपंत फडक्यांच्या बागेची, वाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला, १८०८ च्या आसपास पुरा झाला. १८१८ ला राज्य गेलं, १८२१ ला इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली, १८७९ च्या मे महिन्यात आग लागली, संशय वासुदेव बळवंतांच्या माणसांवर गेला आणि प्रत्यक्षात लावणारे रानडे बंधू निघाले. मग दुरुस्ती, शाळा, मग नगरपालिकेचं आणि महापालिकेचं ऑफिस. सत्तर वर्षांत सरदाराची बाग, पेशव्यांचा महाल, कंपनीची पाठशाळा आणि अर्धवट जळलेली इमारत. तिथलं सगळंच लाकूड बाजीरावाच्या काळचं धरून चालत नाही. तुमच्या वाड्यातही कुठली भिंत कुणाची हे असंच वेगवेगळं निघेल, "वाडा कुणी बांधला" ह्याचं उत्तर एकच नाव असेल ही अपेक्षा सोडून द्या.

घराण्याच्या बाजूने शोधायला कुलवृत्तांत, म्हणजे घराण्यांच्या इतिहासाची पुस्तकं, आहेत, बऱ्याच आडनावांचे छापलेत, आणि नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या आहेत. पणजोबा किंवा त्यांचे वडील यात्रेला गेले असतील तर गाव, भाऊ, मुलं सगळं लिहिलेलं असतं, अनेकदा स्वतःच्या हस्ताक्षरात. "राहणार पुणे पेठ कसबा" ह्याच्या ऐवजी कोकणातलं एखादं गाव लिहिलेलं निघालं तर पणजोबा त्या सालापर्यंत पुण्यात स्थिरावले नव्हते, आणि काकांचं म्हणणं तिथेच तपासून होतं.

वेळ कमी आहे म्हणून क्रम सांगतो. डेव्हलपरने घेतलेला सर्च रिपोर्ट आधी मागून घ्या, पण तो बहुतेक तीस वर्षांचा असतो, टायटलसाठी तेवढा पुरतो, तुम्हाला नाही पुरणार. ह्याच आठवड्यात हस्तलिखित कार्डाच्या नकलेचा अर्ज करा, नवीन प्लॅनमध्ये दोन-तीन नंबर एकत्र होणार असतील तर आत्ताचा नकाशा पण घ्या. वाडा उभा आहे तोवर खण मोजा, जोतं, हौद, तुळया, कौलांचे शिक्के ह्यांचे फोटो काढा, देवळीतल्या आणि माळ्यावरच्या ट्रंका रिकाम्या करून कामगारांच्या हातात जाऊ देऊ नका, सगळ्यात जुन्या भाडेकरूशी एक दुपार बसून बोला. आणि कागद सापडलेच तर लॅमिनेट करू नका, टेप लावू नका, घड्या जबरदस्तीने उलगडू नका. जुन्या शाईच्या कागदाला लॅमिनेशनची उष्णता आणि डिंक मारक आहे आणि ते परत काढता येत नाही. सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा आणि मूळ कागद कुणालाही, अगदी मलाही, देऊ नका, आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, मागच्या बाजूचे नक्की, कारण स्टॅम्प कुणी कधी विकत घेतला ते मागेच लिहिलेलं असतं.